तुसाची राख सिमेंटच्या जागी: सक्ती करावी का?

तुमसरकर (धागाकर्ता)
भंडारा-गोंदियाकडे राइस मिलच्या मागे काळ्या राखेचे ढीग पडलेले असतात. वारा सुटला की ती राख वाळत घातलेल्या कपड्यांवर. आणि इकडे आपण चुनखडी 1450 अंशांवर भाजून क्लिंकर, म्हणजे सिमेंटचे कच्चे खडे, करतोय! जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा 8 टक्क्यांच्या आसपास आहे. तुसाच्या राखेत 85-90 टक्के सिलिका असते. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो मोकळा चुना सुटतो, त्याच्याशी ही सिलिका जुळते आणि जोडणारा माल आणखी तयार होतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी (भाजक्या विटांची पूड) घालत, ती याचसाठी. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, त्यानं 2000 साली या राखेला परवानगीही दिली आहे. मग सरकारी कामात सिमेंटच्या 10 टक्के जागी ही राख सक्तीची का नको?

क्यूबटेस्ट
सक्ती?! त्याच आयएस 456 मध्ये गुण आणि एकसारखेपणा हवा, शिवाय मंजुरी हवी, असं लिहिलंय. ते सोयीनं गाळलंत. तूस साधारण 700 अंशांच्या आत बेतानं जाळलं तर सिलिका कामाची राहते. त्याहून जास्त तापलं की स्फटिक होतात, मग ती राख म्हणजे महागडी बारीक वाळू. तुमचा ढीग काळा आहे ना? म्हणजे कार्बन जळायचा राहिलाय. तो पाणी पितो. माल घट्ट वाटला की गवंडी मिक्सरमध्ये पाइप सोडतो, आणि स्ट्रेंथ गेली. हे साइटवर रोज बघतो.

पुणेरी_बाल्कनी
नकारघंटा पुरे. ऑस्ट्रेलियात कॉफीच्या चोथ्यानं काँक्रीट 30 टक्के मजबूत झालं, बातमी वाचली नाही का?

क्यूबटेस्ट
वाचली, पूर्ण वाचली. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाचं 2023 चं काम आहे. चोथा हवेशिवाय 350 अंशांवर भाजला आणि 15 टक्के *वाळूच्या* जागी घातला. सिमेंट होतं तेवढंच होतं.

शिरोळचा_पाटील
आमच्याकडं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. साखर कारखान्याच्या बॉयलरमधनं निघती, पण फक्त गाळप हंगामात. पावसाळ्यात काय घालणार? आणि ज्या बॉयलरात डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (मळीपासून दारू काढल्यावर उरलेलं सांडपाणी) जाळतात, तिथल्या राखेत पोटॅश भरपूर. ती शेतात टाका, पीक येईल. पोटॅश म्हणजे अल्कली; काँक्रीटमध्ये एवढा अल्कली गेला आणि त्याच्याशी जुळणारी चुकीची खडी लागली तर काही वर्षांनी तडे. चुकून दोन्ही राखा एकाच ट्रॉलीत आल्या तर बघायला कोण जाणार?

मीरा_क
सामान्य माणसाच्या बाजूनं बोलते. दुकानातल्या पीपीसी (पोझोलाना) सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के वीज केंद्रातली कोळशाची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश आधीच असते. त्यात ठेकेदार आणखी राख ओतणार, आणि पैसे पूर्ण सिमेंटचे घेणार. शिवाय अशा मालाला पाणी जास्त दिवस मारावं लागतं: निदान 10 दिवस, कडक उन्हात 14. मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर? माझ्या स्लॅबला नको, पेव्हर ब्लॉकला खुशाल वापरा.

तुमसरकर
मीराताई, भेसळीची भीती खरी आहे. म्हणून साइटवर नकोच, कारखान्यातच दळून मिसळा. चंद्रपूरला सिमेंट कारखाने आहेत, धानाचा पट्टा शेजारी आहे. गावच्या मिलनं फक्त राख विकायची.

क्यूबटेस्ट
हिशोब करा. 100 किलो धानाला 20 किलो तूस, त्याची राख 4 किलो. 50 किलोच्या एका गोणीत 10 टक्के घालायला सव्वा क्विंटल धान भरडावं लागेल. चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अ‍ॅश दारात पडलीय. ती सोडून कारखानदार तुमसरला ट्रक कशाला पाठवेल?

तुमसरकर
आज नाही पाठवणार. कोळशाची केंद्रं बंद व्हायला लागली की फ्लाय अ‍ॅशही आटेल, धान मात्र दरवर्षी होणारच. भट्ट्या सुधारायला तेव्हा सुरुवात करायची का? बरं, सक्ती मागे घेतो, पण सरकारी पेव्हर ब्लॉक आणि कंपाउंडच्या भिंतींच्या टेंडरमध्ये मुभा तरी हवी.

क्यूबटेस्ट
मुभेला हरकत नाही. आधी त्या ढिगातल्या राखेचा लॅब रिपोर्ट करून घ्या आणि न जळलेला कार्बन किती निघतो ते इथे टाका.