कॉलेजात सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं कसं करायचं? (सोलापूर)

पूर्वभागातली:
बीएस्सी दुसरं वर्ष. घर पूर्व भागात, पप्पा यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी.

आमच्या कँटीनचा नकाशा काढता येईल. खिडकीजवळ आम्ही तेलुगूवाले, पाण्याच्या टाकीशी अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी पोरं, लिंबाखाली उर्दूवाल्या मुली, आणि दाराजवळच्या टेबलावर कोण बसतं ते सगळ्यांना माहीत असतं पण कुणी बोलत नाही. भांडण नाही हं. नुसतं बसायचं वेगळं.

मागच्या महिन्यात स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी वर्गात नावं वाचली. मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं काय बे, सगळं फुकट." माझ्या बाकावरची मुलगी त्यानंतर आठ दिवस आली नाही. मग कुणाचं तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, त्यावरून पार्किंगमध्ये धक्काबुक्की. कॉलेजने दोन्हीकडून माफीनामे लिहून घेतले आणि एक दिवस एकात्मतेचा कार्यक्रम केला. रांगोळी, हार, पाहुणे. पाहुण्यांनी सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगितली: धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंगात इंग्रजांनी दिलेली फाशी. अंगावर काटा येतो, दर वेळी येतो. पण ती माणसं एकमेकांशी बोलायची कशी, भांडायची कशी, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी टेबलं जिथल्या तिथे.

आम्ही चौघांनी ठरवलंय, दर शनिवारी दोननंतर बसायचं. खोली मिळतेय. बोलवायचं कुणाला? सर असावेत का? आणि भांडण झालं तर?

बाळीवेसकर:
बोलून जात जाते होय? पोरांनो, परीक्षा द्या आणि पुण्याला जा. तिथं आडनाव विचारायला कुणाला वेळ नाही.

शेंगाचटणी:
बाळीवेसकर, पुण्यात रूम शोधली नाहीत वाटतं कधी.

ताई, मी तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका कॉलेजात हे केलंय, म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्यांदा आपटलो. चाळीस जण, माइक, फळ्यावर विषय "जातीयता". वक्तृत्व स्पर्धेतले तिघे बोलले, बाकी मोबाइलमध्ये. दुसऱ्या वेळी अकरा जण घेतले. तेच अकरा, बारा शनिवार. मधेच नवा माणूस नाही. सूत्र सांभाळायला दोघं, वेगवेगळ्या टेबलांवरची. सर नकोत, सर असले की पोरं उत्तरपत्रिका लिहिल्यासारखी बोलतात.

नियम एकच कडक होता: स्वतःवर गुदरलेलं सांगायचं, समाजाची वकिली नाही. "तुमच्यात असं असतं ना?" असं कुणी म्हणालं की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात माझेच दीडशे रुपये गेले.

आरक्षणाला सुरुवातीला हात लावू नका. आम्ही पहिला प्रश्न ठेवला होता: स्वप्न कुठल्या भाषेत पडतं, आणि शिवी कुठल्या भाषेत सुटते? स्वप्नं तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशी चारही निघाली. शिवीला मात्र सगळ्यांचं "बे" एकच. हसून हसून भीड चेपली.

पाचव्या शनिवारी एकानं सांगितलं, रूमसाठी फोन केला, आडनाव सांगितलं, आणि "आत्ताच गेली हो" ऐकलं. मित्राला दुसऱ्या आडनावानं फोन करायला लावला, तर रूम रिकामी. त्यावर समोरचा पोरगा खाली बघत म्हणाला, "आमच्या वरच्या खोलीला आई हेच विचारते. फोन मीच उचलतो." दोन मिनिटं कुणी बोललं नाही. ती शांतता मोडू नका ताई. मला फार मोह झाला होता काहीतरी छान बोलायचा.

आता माझी चूक. आठव्या आठवड्यात तोच पहिला मुलगा म्हणाला, "दर शनिवारी मी माझं दुःख मांडायचं आणि तुम्ही शहाणं होऊन घरी जायचं, असं चाललंय." आणि गेला, परत आला नाही. बरोबर होता तो. सोसणाऱ्यानंच शिकवावं, अशी आम्ही नकळत वाटणी करून टाकली होती. पुन्हा केलं तर ज्यांना कधी आडनाव विचारलं गेलं नाही, त्यांना आधी बोलायला लावेन: तुमच्या घरी कप वेगळा आहे का, कुणासाठी?

होटगीरोड:
माझा भाचा अमेरिकेत शिकला, त्याच्याकडून असं गटात बसून बोलण्याबद्दल ऐकलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून हे चालतं, तेही अभ्यासक्रमात: दोन्हीकडचे विद्यार्थी जवळपास सारख्या संख्येनं आणि सूत्रधारही दोन्हीकडचे. प्रिन्स्टनमध्ये १९९९ साली विद्यार्थ्यांनीच सुरू केलं. त्यांनी पद्धत घेतली हॅरॉल्ड सॉन्डर्स यांची. हे अमेरिकन मुत्सद्दी, इजिप्त-इस्रायलच्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत होते, नंतर ताजिकिस्तानच्या यादवीत दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं एकत्र बसवत राहिले. पाच टप्पे: यायचं ठरवणं, नात्यांत गाठी कुठे आहेत ते मांडणं, एकेक गाठ खोलवर तपासणं, वाट आखणं, मग एकत्र काम करणं. शेवटचा टप्पा गाळला की नुसती गप्पांची बैठक होते.

तिथं गोरा-काळा चेहऱ्यावर दिसतो. आपल्याकडे आडनाव आणि पेठ विचारावी लागते, एवढाच फरक.

शेंगाचटणी:
काम आम्हीही केलं, छोटंच. ऑफिसला अर्ज दिला की स्कॉलरशिपची नावं वर्गात वाचू नका, मोबाइलवर मेसेज पाठवा. एका महिन्यात बंद झालं. आडनाव न विचारणाऱ्या घरमालकांची यादी केली, सात नावं. एवढ्या मोठ्या सोलापुरात सात!

वकीलसाहेब_नाही:
एक लक्षात ठेवा. शिक्षकानं किंवा ऑफिसनं भेदभाव केला असेल तर ते शनिवारी बसून मिटवायचं नाही. यूजीसीचे समतेचे नियम आहेत, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. अनुसूचित जाती-जमातीतल्या कुणाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. "चर्चा करू या" म्हणून कुणी तक्रार मागे घ्यायला लावत असेल तर उठून जा.

पूर्वभागातली:
सगळ्यांना थँक्यू. काल पहिला शनिवार. शिपाईमामा चावी घेऊन घरी गेलेले, म्हणून पार्किंगच्या पायऱ्यांवर बसलो, त्याच पार्किंगच्या. नऊ जण आले. कपाचा प्रश्न मीच आधी घेतला, कारण आमच्या घरी आहे वेगळा कप. स्टीलचा, खिडकीत पालथा असतो. बोलताना घसा कोरडा पडला.

बाकावरची मैत्रीण आली होती. काही बोलली नाही. जाताना विचारलं, पुढच्या शनिवारी किती वाजता.