मदत हवी आहे : प्राईडसाठी दोघांची एका रात्रीची राहण्याची सोय

सुरसागरकाठचा
नमस्कार. आम्हा दोघांना या वेळच्या प्राईडला, म्हणजे समलिंगी व्यक्तींच्या अभिमान मिरवणुकीला, जायचे आहे आणि शनिवारची रात्र तेथे काढून रविवारी संध्याकाळी बडोद्याला परतायचे आहे. मात्र चौकशी केलेले प्रत्येक हॉटेल भाडे सांगेपर्यंत नीट बोलते आणि ओळखपत्रे पाठवली की नकार देते. दोन पुरुषांनी एक खोली मागितली म्हणून अजूनही असे वागवले जात असेल, तर ते फार वेदनादायक आहे. मिरवणूक जिथून निघते त्या मैदानापासून चालत जाता येईल अशी, आम्हाला सन्मानाने ठेवून घेणारी जागा कोणाला ठाऊक असल्यास कृपया लवकर कळवावे, कारण रजेचा अर्ज याच आठवड्यात द्यायचा आहे.

कालव्याकाठून
मी गेली काही वर्षे ॲमस्टरडॅमला राहतो. आपण दोघांनी एकदा तरी इथली मिरवणूक पाहावी अशी माझी मनापासून सूचना आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती रस्त्याने न जाता कालव्यांतून नावांवरून निघते, आणि १९९६ पासून ही प्रथा चालत आलेली आहे. समलिंगी विवाहाला जगात सर्वप्रथम, १ एप्रिल २००१ पासून, मान्यता देणारा हा देश असल्यामुळे हॉटेलात दोन पुरुषांकडे कोणी वळूनही पाहत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

ग्रँटरोडकर
व्हिसाची माहिती चांगली आहे, परंतु प्रश्न एका शनिवार-रविवारचा आहे. सुरसागरकाठचा, आपण शहराचे नावच लिहिलेले नाही. मुंबईच अभिप्रेत आहे, असे मी धरून चालतो. तसे असेल तर सांगा : खोली केव्हा मागितली, कोणत्या भागात मागितली, आणि नकार देताना समोरची व्यक्ती नेमके काय म्हणाली?

मुठेकाठी
मुंबईच कशाला? पुण्यात २०११ पासून मिरवणूक निघते आणि समपथिक ट्रस्टने, विशेषतः बिंदुमाधव खिरे यांनी, तिच्यासाठी घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पुण्यातली मिरवणूक आटोपशीर असते, बरोबर चालणाऱ्याचे नाव विचारायला सवड मिळते, आणि मराठी घोषणा मोकळेपणाने दिल्या जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी नेहमी पुणेच सुचवतो.

ग्रँटरोडकर
पुण्याबद्दल मलाही आदर आहे. परंतु मोठ्या गर्दीचा स्वतःचा एक दिलासा असतो, आणि जो माणूस आपल्या गावात वर्षभर एकट्याने हे सगळे मनात ठेवून जगतो, त्याला हजारो लोकांत मिसळून जाण्याची ओढ का वाटते हे समजून घ्यायला हवे. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत पहिल्यांदा चाललेल्यांपैकी कित्येकांनी चेहऱ्यावर मुखवटे घातले होते. आज मुखवटे पुष्कळच कमी दिसतात. ही बदललेली गर्दी स्वतः पाहावी असे कोणाला वाटले, तर त्याला दुसरे गाव सुचवू नये.

मुठेकाठी
मी कोणाला अडवत नाही. ज्यांना ठेवून घ्यायला एकही हॉटेल तयार नाही त्यांनी त्याच शहराचा आग्रह धरावा का, एवढाच माझा मुद्दा आहे.

दादरचा वकील
नकाराच्या मुद्द्यावर कायद्याची बाजू नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतील कलम ३७७ ला समांतर तरतूदच ठेवलेली नाही. दोन प्रौढ पुरुषांनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा पूर्वीही नव्हता आणि आताही नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये तर दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपली इच्छा असल्यास त्या हॉटेलांना नोटीस कशी पाठवावी हे मी येथे लिहीन.

सुरसागरकाठचा
शहर अर्थातच मुंबई. बडोद्याचा माणूस दुसरीकडे कुठे जाणार? चौकशी ग्रँट रोड, गिरगाव आणि चर्नी रोड या भागांत केली. वकीलसाहेब, आपला मनापासून आभारी आहे, परंतु मला नोटीस नको, खोली हवी आहे. ग्रँटरोडकर, आपण विचारलेत म्हणून सांगतो : दोघांची आधार कार्डे पाठवल्यावर प्रत्येकाने ‘लोकल आयडी चालत नाही’ असे थोड्याफार फरकाने म्हटले. खरे कारण बोलायचे टाळण्यासाठी ती सबब पुढे केली आहे असेच आम्हा दोघांना वाटते.

ग्रँटरोडकर
थांबा. बडोद्याहून येणाऱ्या दोघांना ‘लोकल’ कोणी का म्हणेल? दोन्ही आधार कार्डांवर पत्ता कुठला आहे?

सुरसागरकाठचा
माझ्यावर दांडिया बाजारचा, त्याच्यावर बोरिवलीचा. तो कित्येक वर्षे माझ्याबरोबर कारेलीबागेत राहतो आहे, तेव्हा तो बडोद्याचाच झाला.

ग्रँटरोडकर
आपल्या अडचणीचे मूळ बहुधा येथेच आहे. त्याच शहराचा पत्ता असलेल्या पाहुण्याला खोली न देण्याचा नियम आपल्याकडची पुष्कळ हॉटेले स्वतःच करून ठेवतात. ज्याचे घर याच शहरात आहे तो रात्रीपुरती खोली का घेतो, अशी शंका त्यामागे असते, आणि पोलिसांची चौकशी नको म्हणून तो नियम सरसकट सर्वांना लावतात. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांना याचा त्रास सर्वांत जास्त होतो, पण दोघे भाऊ किंवा नवरा-बायको आले तरी हेच उत्तर मिळालेले मी पाहिले आहे. हा कायदा नसून हॉटेलचे धोरण आहे. खोल्या आरक्षित करण्याच्या संकेतस्थळांवर प्रत्येक हॉटेलच्या नियमांत स्थानिक ओळखपत्र चालते की नाही हे बहुधा लिहिलेले असते. ते वाचावे, आणि पैसे भरण्याआधी फोन करून तेवढा एकच प्रश्न विचारावा. दोन पुरुषांच्या खोलीला, विशेषतः दोन स्वतंत्र पलंग मागितले तर, आमच्या भागात सहसा कोणी हरकत घेत नाही.

दादरचा वकील
तरीही या नियमाला कायद्याचा आधार नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

प्रवासी पाखरू
यावर सोपा उपाय आहे. मुंबई सेंट्रल स्थानकातच नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल, सुरू झाले आहे. गाडीतून उतरा, सामान ठेवा आणि झोपा. ग्रँट रोड तिथून लोकलने पुढचेच स्थानक आहे. मी कामानिमित्त जातो तेव्हा दुसरीकडे कुठेच राहत नाही. नाहीतर खोली फक्त आपल्या नावाने घ्या आणि मित्राला भेटायला आलेला पाहुणा म्हणून वर न्या.

ग्रँटरोडकर
पॉडमध्ये सहसा एकेकट्याने झोपावे लागते. या दोघांना एकत्र राहायचे आहे, हे पहिल्याच संदेशात स्पष्ट आहे. दुसरा उपाय तर कृपया कोणीही करू नये. रात्री राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद वहीत हवी. नोंद नसलेला माणूस खोलीत सापडला की हॉटेलवाला रात्री बारा वाजता बाहेर काढू शकतो, आणि त्या वेळी बाजू आपली राहत नाही.

मुठेकाठी
बोरिवलीला त्यांचे घर असताना हॉटेलचा खर्च कशासाठी, हे मात्र मला समजले नाही. पश्चिम रेल्वेने थेट ग्रँट रोडला येता येईल.

सुरसागरकाठचा
बोरिवलीचे घर त्याच्या आई-वडिलांचे आहे आणि त्यांना आमच्याविषयी काही माहीत नाही. त्यांच्या दृष्टीने मी कारेलीबागेतला खोलीतला सोबती आहे. त्या घरातून सकाळी निघून मिरवणुकीत चालायचे आणि रात्री परत तिथेच जेवायला बसायचे, हे त्याला जमणार नाही. मला ते त्याच्याकडून करून घ्यायचेही नाही.

सराफ्यातली आई
मी इंदूरची आहे आणि माझा मुलगा समलिंगी आहे. आपण विचारलेले नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. बाळांनो, सांगायचे की नाही आणि कधी सांगायचे हे तुम्हीच ठरवा, मिरवणुकीची तारीख गाठण्यासाठी घाईने सांगू नका. मात्र ते अचानक एखाद्या छायाचित्रातून कळू नये याची काळजी घ्या. मला मुलाने स्वतः समोर बसून सांगितले आणि तरीही मला वेळ लागला. तेच परक्याच्या तोंडून कळले असते तर कळण्यापेक्षा दुखावणेच जास्त झाले असते. मुंबईत आमच्यासारख्या पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. पुढे कधी त्याच्या आईला कोणाशी बोलावेसे वाटले, तर त्या गटातल्या आया तिचे शांतपणे ऐकून घेतील.

सुरसागरकाठचा
मावशी, आपले लिहिणे मी त्याला वाचून दाखवले. माझ्या आईला माहीत आहे, तिच्याकडून त्रास नाही. छायाचित्रांचे मात्र आमच्या मनात होतेच. तोंड झाकून चालले तर तिथे लोकांना वाईट वाटते का?

कालव्याकाठून
माझे मत विचाराल तर तोंड झाकून प्राईडला जाण्यात अर्थ नाही. उघडपणे दिसणे हाच त्या चालण्याचा हेतू आहे.

ग्रँटरोडकर
या मताशी मी अजिबात सहमत नाही. जिथे विवाहाला मान्यता आहे तिथून हे लिहिणे सोपे आहे. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला नाही, आणि घर, नोकरी, भाड्याची जागा हे सगळे प्रत्येकाला आपापल्या हिमतीवर सांभाळावे लागते. तोंड झाकून चालणारा माणूसही संख्येत मोजला जातो. आपण दोघांनी निर्धास्तपणे मुखपट्टी, गॉगल आणि टोपी घालून यावे, कोणीही काही म्हणणार नाही. मात्र सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांना पूर्णपणे थांबवता येत नाही. म्हणून वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे जिथे जमतात ती मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळची जागा आणि मिरवणुकीच्या अगदी पुढचा भाग टाळावा, मधोमध चालावे, आणि कोणी कॅमेरा रोखला तर हात हलवून नको म्हणावे. घरच्या माणसांच्या ओळखीचा शर्ट घालू नये. चेहरा झाकूनही माणूस कपड्यांवरून ओळखला जातो.

दादरचा वकील
आणखी एक सावधगिरी. त्या आठवड्यात शहरात बाहेरगावचे पुष्कळ जण येतात हे ओळखून डेटिंग ॲपवर गोड बोलून खोलीवर बोलावणारे आणि नंतर ‘घरी कळवतो’ म्हणून पैसे उकळणारे लोक असतात. अशा वेळी पैसे देऊ नयेत, संदेश जपून ठेवावेत. हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खालील खंडणीचा गुन्हा आहे. पोलिसांकडे जायची भीती वाटली तर आधी हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेशी बोलावे. ती १९९४ पासून मुंबईत समलिंगी पुरुषांसाठी काम करते आहे.

सुरसागरकाठचा
आम्ही दोघे एकत्रच असू, तरी लक्षात ठेवतो. काम झाले हे कळवण्यासाठी लिहितो आहे. त्याचा वाहन परवाना बडोद्याच्या कार्यालयातून काढलेला आहे आणि त्यावर कारेलीबागेचा पत्ता आहे, हे ‘लोकल’चा खुलासा वाचल्यावर त्याच्या लक्षात आले. आधी नकार दिलेल्यांपैकीच एकाला फोन करून तो परवाना चालेल का विचारले, तर त्यांनी लगेच होकार दिला, दोन पलंगांची खोली राखून ठेवली आणि आगाऊ रक्कमही घेतली नाही. आता फक्त तारखेचा प्रश्न आहे. जानेवारीअखेरचा शनिवार धरावा की फेब्रुवारीचा पहिला?

प्रवासी पाखरू
रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते. दोन्ही शनिवारची तिकिटे काढून ठेवा आणि नको ते रद्द करा.

ग्रँटरोडकर
दोन्ही शनिवारची जाण्या-येण्याची तिकिटे अडवून ठेवू नयेत, दुसऱ्या कोणाला तरी ती हवी असतील. आयोजकांनी तारीख जाहीर करेपर्यंत रजेच्या अर्जात दोन्ही शनिवारांचा उल्लेख करावा आणि हॉटेललाही तसे सांगून ठेवावे. तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढावे. उतरायला मुंबई सेंट्रल सोयीचे, वांद्रे टर्मिनस लांब पडेल. जागाही पक्की धरू नये : २०२० मध्ये पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी नाकारली आणि ऐन वेळी आझाद मैदानात जमावे लागले होते. तसे पुन्हा झालेच, तर ग्रँट रोडहून लोकलने चर्चगेटला उतरावे, तेथून आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा खोली बदलण्याची गरज पडणार नाही. मिरवणूक दुपारनंतर निघते. सकाळच्या गाडीने पोहोचलात तर आंघोळ, जेवण आणि थोडी झोप एवढा वेळ मिळेल.