शब्दचर्चा : 'प्रकाशसंवेदक' आणि 'प्लॅस्टिकचे कण' चालतील का?

प्रश्न : कॉलेजच्या मुलांसाठी पाण्याच्या प्रदूषणावर लेख लिहिते आहे. 'फोटोइलेक्ट्रोकेमिकल सेन्सर'ला 'प्रकाशसंवेदक' आणि 'प्लॅस्टिसायझर'ला 'प्लॅस्टिकचे कण' असं लिहिलं तर चालेल का? जड शब्द नको आहेत.

प्रतिसाद : दोन्ही नकोत, कारण दोन्हींमुळे मुलांची समजूतच चुकेल. आधी दुसरा शब्द घेते. प्लॅस्टिसायझर हा कण नसतो, बहुतेक वेळा तेलासारखा द्रव असतो. नुसतं पीव्हीसी, म्हणजे पाइपचं प्लॅस्टिक, कडक असतं. त्यात डायएथिलहेक्झिल फ्थॅलेटसारखं द्रव्य मिसळलं की त्याच पीव्हीसीचं रेक्झिन होतं, सलाइनची नळी होते. मात्र हे द्रव्य पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यामुळे हळूहळू बाहेर पडतं. जुनं रेक्झिन आधी चिकट लागतं, मग कडक पडून तडकतं, ते बरंचसं यामुळेच. गच्चीवरच्या पाइपवर 'यूपीव्हीसी' छापलेलं असतं, त्यातला 'यू' म्हणजे प्लॅस्टिसायझर न घातलेलं.

'कण' म्हटलं की वाचणारा म्हणणार, गाळून घेऊ. विरघळलेला रेणू साध्या गाळणीत अडकत नाही. शिवाय मात्रा किती बारीक बघा: या फ्थॅलेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला 8 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले फक्त आठ.

प्रतिसाद : मग 'मृदुकारक' कसा वाटतो?

प्रतिसाद : एरवी चालला असता. पण लेख पाण्याचा आहे आणि 'मृदू पाणी', 'दुष्फेन पाणी' हे शब्द मुलं शाळेपासून शिकतात. मृदुकारक म्हणजे पाण्याचा दुष्फेनपणा घालवणारं काहीतरी, असंच त्यांना वाटेल. 'प्लॅस्टिसायझर' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'प्लॅस्टिकला लवचीक करणारं द्रव्य' एवढं सांगा. प्लॅस्टिकमधून पाण्यात येणारं दुसरं रसायन, बिस्फेनॉल-ए, सरसकट प्लॅस्टिसायझरच्या यादीत टाकू नका. तो मुख्यतः पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकचा कच्चा माल आहे.

आता 'प्रकाशसंवेदक'. अंधार पडला की रस्त्यावरचे दिवे लावतो तो प्रकाशसंवेदक, कारण तो प्रकाश ओळखतो. इथे ओळखायचा असतो तो रेणू. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा थर दिलेला इलेक्ट्रोड पाण्याच्या नमुन्यात बुडवतात आणि त्यावर प्रकाश टाकतात. थरातले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात, त्यांच्या मागे विवरं (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) राहतात आणि परिपथात बारीकसा प्रवाह सुरू होतो. प्रकाशामुळे असा प्रवाह निघतो हे एदमाँ बेकरेल यांनी 1839 मध्येच पाहिलं होतं.

बिस्फेनॉल-ए विवरांना इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे प्रवाह वाढतो. फ्थॅलेट इतक्या सहज इलेक्ट्रॉन देत नाही. त्याच्यासाठी थरावर त्याच्याच आकाराच्या खोबणी असलेलं बहुवारिक (पॉलिमर) बसवता येतं. रेणू खोबणीत बसला की वाट अडते आणि प्रवाह घटतो. मोजायचा तो हा फरक. चेतवायला प्रकाश आणि मोजायला वीज, असे दोन वेगळे मार्ग असल्यामुळे नको असलेला संकेत कमी मिसळतो, हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. म्हणून मी 'प्रकाशचालित संवेदक' म्हणेन.

प्रतिसाद : 'चालित'ला माझा आक्षेप आहे. बॅटरीचलित, सौरचलित पंप म्हणतो तेव्हा यंत्राला लागणारी ऊर्जा तिथून येते असा अर्थ असतो. या संवेदकाची मोजणी करणाऱ्या उपकरणाला वीज वेगळी लागते, आणि प्रकाशही बऱ्याचदा दिव्याचाच असतो. वाचणाऱ्याला वाटेल, उन्हात ठेवला की झालं.

प्रतिसाद : आक्षेप मान्य. प्रकाशाने प्रेरित होतो तो प्रवाह, तेव्हा 'प्रकाशप्रेरित विद्युत संवेदक' लिहा. 'प्रकाश-विद्युत-रासायनिक' हा पूर्ण शब्द एकदाच, व्याख्येच्या जागी द्या. मुलांना पुढे शोधनिबंध वाचायचे झाले तर तो लागेल.