संथ आयुष्यासाठी दोघं परदेशी जातोय, सल्ला हवा

मुक्ता४६
नमस्कार. मी ४६, नवरा ४९. मुलं नाहीत, कर्ज फिटलंय. वीस वर्षं रात्री नऊला घरी येऊन दोघंही थकलोय. नवरा नोकरी सोडेल, मी घरून थोडं भाषांतराचं काम चालू ठेवीन. बाकी भाडं आणि व्याज येतं. स्पेन की पोर्तुगाल, हे ठरत नाहीये. गेल्या जूनमध्ये पोर्तुगालच्या दक्षिणेला तावीराला पंधरा दिवस राहिलो, तेव्हापासून जीव तिथेच अडकलाय. घर विकत घेऊनच जावं का? गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाटसरू
सहा वर्षं झाली इथे पोर्तुगालला येऊन. तावीरा छानच आहे. १९९९मध्ये इटलीत सुरू झालेल्या 'चिट्टास्लो' या संथ शहरांच्या जाळ्यातही आहे ते. पण घर इतक्यात घेऊ नका, कळकळीने सांगतो. तुम्ही जून पाहिलाय, जानेवारी पाहिलेला नाही.

इथल्या बऱ्याच जुन्या घरांत सगळं घर गरम करायची सोय नसते. बाहेर चौदा अंश, ऊन पडलेलं, आणि घरात स्वेटर घालून बसायचं. पहिल्या हिवाळ्यात बायकोने कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी. तेव्हापासून हवेतला ओलावा ओढणारं यंत्र रात्रभर चालू असतं आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची टाकी रिकामी करणं. हे सगळं सोसूनही आम्हाला इथेच राहायचंय. पण घर घेतलेलं असतं तर तेव्हा अडकलो असतो. भाड्याने होतो म्हणून दोन गल्ल्या पलीकडे, उन्हाच्या बाजूला जाता आलं.

पर्यटक म्हणून शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ते हिवाळ्यात वापरा.

कागदपत्रे
ताई, भाषांतराच्या कामाचा मुद्दा बाजूला टाकू नका, सगळं त्यावर ठरेल. स्पेनच्या बिनकमाईच्या व्हिसावर कामच करता येत नाही, घरबसल्या बाहेरच्या देशातलंसुद्धा नाही. पोर्तुगालचा डी७ नावाचा व्हिसा भाडं, व्याज, पेन्शन अशा उत्पन्नावर मिळतो. किती उत्पन्न हवं, हे तिथल्या किमान वेतनाशी बांधलेलं आहे: २०२५मध्ये महिना ८७० युरो, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी. फक्त घरून केलेल्या कामावर जायचं असेल तर डी८, त्याला किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं. तुमचं भाडं-व्याज पुरत असेल तर अर्ज डी७चाच करा.

आणि करसवलतीचे जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका. ती जुनी योजना २०२४पासून नव्याने येणाऱ्यांना बंद झाली. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही तिथले करदाते. आधी करसल्लागार गाठा, मग तिकीट काढा.

परतलेली
आम्ही दोन वर्षांनी परत आलो, म्हणून लिहितेय. पैशाचं, कागदाचं सगळं नीट होतं. नवऱ्याला आजूबाजूला माणसं कमी हवी होती. मला माणसं हवी होती, फक्त त्यांच्याकडे वेळ असलेली. दोघंही त्याला 'निवांत' म्हणत होतो, त्यामुळे हा फरक निघण्याआधी कळलाच नाही. तिथे तो खूश आणि मी दिवसभरात दुकानदाराशी चार शब्द बोलणारी. भाषा तिथे जाऊन येईल असं वाटलं होतं, नाही आली. मुक्ता, तुमचा सगळा धागा 'आम्ही'मध्ये आहे. तुमच्या नवऱ्याला तिथल्या साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता काय करायचंय, हे त्याला विचारलंय का?

वाटसरू
परतलेली, अगदी खरं. भाषा निघण्याआधीच सुरू करा. कायमच्या वास्तव्याला पुढे ए२ पातळी, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती भाषा, लागतेच. शिक्षक मात्र युरोपीय पोर्तुगीजचाच बघा. मोबाइलवरचे बरेच धडे ब्राझीलच्या उच्चारांचे असतात आणि इथली माणसं स्वर गिळून बोलतात. वर्षभर शिकून आलो होतो, तरी पहिल्या दिवशी बसचालकाचं एक अक्षर कळलं नाही.

मुक्ता४६
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला मंगळवारचं विचारलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "झोपेन. त्यापुढचा विचार केला नाही." घर घ्यायचं सध्या रद्द. डिसेंबरच्या मध्यापासून अडीच महिने भाड्याने राहून बघतो. वाटसरू, उन्हाची बाजू म्हणजे दक्षिणेकडे खिडक्या ना? घरमालकाला आणखी काय विचारू?