रखमाबाई खरंच तुरुंगात गेल्या होत्या का?

प्रश्न
मुलगी नववीत आहे. ८ मार्चला शाळेत तिला डॉ. रखमाबाईंवर पाच मिनिटं बोलायचंय. तिने लिहिलंय, ‘नांदायला नकार दिला म्हणून त्यांनी सहा महिने तुरुंगवास भोगला.’ माझे सासरे म्हणतात, त्या तुरुंगात गेल्याच नाहीत. पोरीने चुकीचं पाठ करू नये म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, सासरे बरोबर सांगतात. मी तालुका कोर्टात बत्तीस वर्षं कारकून होतो. नांदायला येण्याचे कितीतरी दावे माझ्या हाताखालून गेले, त्यामुळे हा खटला मी पुन्हा पुन्हा वाचलाय.

अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं, पण रखमाबाई आईकडेच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यांच्या शिकण्याला आधार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. कळत्या वयाआधी लग्न लागलेल्या आणि कधी नांदलेल्याच नसलेल्या बाईला बळजबरीने पाठवणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. मग अपील, फेरसुनावणी, आणि ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद.

बाई म्हणाल्या, कैद पत्करेन. वय बावीस! बाहेर ‘केसरी’ विरोधात लिहीत होता, आणि ही मुलगी जागची हलली नाही. इतके दावे पाहिले, पण हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला, म्हणून तुरुंग टळला.

प्रतिसाद २
मी परिचारिका आहे. पाच मिनिटं कोर्टातच संपवू नका गं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं, १८८९ ला रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ ला डॉक्टर झाल्या. मग सुरत, पुढे राजकोट, तीसहून जास्त वर्षं बायकांची रुग्णसेवा. आनंदीबाई जोशींना पदवी आधी मिळाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. फॅरनचा हुकूम त्यानंतर सहाच दिवसांनी आला. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचं अंतर होतं. हे मुलीला जरूर सांगा.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. तिने वाक्य बदललं: ‘तुरुंग पत्करेन, पण नांदायला जाणार नाही, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं.’ आता तीच विचारतेय, काका, असे दावे अजून होतात का?

प्रतिसाद १
होतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. नवरा लावू शकतो, बायकोही लावू शकते. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. कैदेची तरतूद १९२३ मध्ये काढून टाकली. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, हेही तिला सांगा.