मदत हवी आहे : न विचारता आंतरराष्ट्रीय पाठवणी योजनेत घातले गेले आहे, पूर्णपणे बाहेर कसे पडावे?

नमस्कार मंडळी,

मी जुनी फाउंटन पेने दुरुस्त करून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला तिची तक्रार मांडायची नसून तिच्या एका योजनेतून सुटका करून घ्यायची आहे. माझ्या प्रत्येक लिस्टिंगवर ‘फक्त देशांतर्गत पाठवणी’ असे पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे आणि सेटिंगमध्ये परदेशाचा पर्याय मी कधीही उघडलेला नाही. असे असताना गेल्या आठवड्यात एका पेनाची ऑर्डर आली. पत्ता देशातलाच होता, पण तो घराचा किंवा कचेरीचा नसून कुठल्याशा गोदामाचा होता आणि खरेदीदाराच्या नावाखालच्या ओळीत अक्षरे व आकडे मिसळलेला एक लांबलचक क्रमांक होता.

प्रथम मला ही फसवणूकच वाटली. नंतर वाटले की क्रमांक चुकून टंकला गेला असावा, आणि लेबल छापण्यापूर्वी तो मी खोडणारच होतो, तेवढ्यात ऑर्डरच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ही वस्तू आंतरराष्ट्रीय पाठवणी योजनेतून जाणार असल्याची ओळ दिसली. मग शोधाशोध केली. दीड महिन्यापूर्वी आलेले एक ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात न उघडता पडून होते. त्याच्या विषयात आनंदाची बातमी होती आणि चौथ्या परिच्छेदात असे म्हटले होते की अमुक तारखेपर्यंत नकार कळवला नाही, तर माझ्या सर्व पात्र लिस्टिंग आपोआप योजनेत समाविष्ट होतील. मी काही बोललो नाही, म्हणून मी हो म्हटले असे धरले गेले.

योजना मला समजली ती अशी : मी पार्सल देशातल्या गोदामापर्यंत पाठवायचे, तेथे ते तपासून सीमाशुल्काची कागदपत्रे जोडली जातात आणि पुढचा प्रवास बाजारपेठेने नेमलेली कंपनी पाहते, परदेशी वाहतुकीचा खर्च आणि आयात शुल्क खरेदीदार पैसे भरतानाच देतो. ज्याला परदेशात विकायचे आहे पण कागदपत्रांची कटकट नको आहे, त्याच्यासाठी ही सोय वाईट नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझी अडचण वस्तूच्या स्वभावात आहे. या पेनाचे अंग सेल्युलॉइडचे (एक जुन्या प्रकारचे प्लास्टिक) आहे आणि टोपणाच्या काठावर केसाएवढी चीर मी स्वतः भरलेली आहे. असे पेन मी कडक नळीत घालतो, निबेवर मऊ कागदाची पुंगळी बसवतो आणि नळी खोक्याच्या मधोमध अशी ठेवतो की चारही बाजूंना दोन-दोन बोटे भरण राहील. गोदामात ते खोके उघडून आकार कमी करण्यासाठी लहान पाकिटात भरले गेले आणि टोपण फुटले, तर खरेदीदार दोष कोणाला देणार?

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी की, खात्याच्या सेटिंगमधली या योजनेची मुख्य खूण काढल्याने जुन्या लिस्टिंगही बाहेर पडतात की त्या एकेक करून काढाव्या लागतात, हे कृपया सांगावे. आलेली ऑर्डर मी रद्द करावी की पाठवावी, आणि पाठवल्यास गोदामानंतरच्या नुकसानीची जबाबदारी माझ्यावर येऊ नये म्हणून कोणता पुरावा जवळ ठेवावा, हेही मला हवे आहे. ‘सोडून द्या, विक्री वाढेल’ हा सल्ला ओळखीच्या मंडळींकडून भरपूर मिळाला आहे, तो कृपया पुन्हा नको.

प्रतिसाद १

सर्वांत आधी एक गोष्ट : तो क्रमांक खोडू नका. गोदामात दररोज येणाऱ्या पार्सलांच्या ढिगातून तुमचे पार्सल कोणत्या ऑर्डरचे आहे हे त्याच क्रमांकावरून ओळखले जाते. तो नसेल तर पार्सल बेवारस म्हणून बाजूला पडते आणि पोचल्याची नोंद होत नाही, म्हणजे चूक तुमच्या पदरात येते. पत्ता आपोआप ‘सुधारणारे’ लेबलांचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर छापलेल्या लेबलावर तो पूर्ण उमटला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा.

आलेली ऑर्डर रद्द करू नये, असे माझे मत आहे. विक्रेत्याने रद्द केलेली ऑर्डर सहसा विक्रेत्याच्याच खात्यावर दोष म्हणून चढते, आणि ज्या योजनेत आपण स्वेच्छेने गेलो नाही तिच्यापायी स्वतःचा लौकिक खर्ची घालण्यात अर्थ नाही. खोके बंद करण्यापूर्वी पेनाची, त्या भरलेल्या चिरेची, नळीची आणि आतल्या भरणाची छायाचित्रे घ्या. बंद खोके वजनकाट्यावर ठेवून आकडा दिसेल असे आणखी एक घ्या. गोदामात पोचल्याची नोंद दिसली की त्या पानाची प्रत जतन करा. अशा बहुतेक योजनांमध्ये जबाबदारीचा सांधा तेथेच असतो : तेथपर्यंत विक्रेता, तेथून पुढे योजना. मात्र तुमच्या अटींमध्ये तो सांधा नेमका कोठे ठेवला आहे, ‘पोचल्यावर’ की ‘तपासणीत स्वीकारल्यावर’, हे शब्दशः वाचा, कारण त्या दोन शब्दप्रयोगांमधल्या दिवसांतच वाद होतात.

बाहेर पडण्याबाबत सांगायचे तर, खात्यावरची खूण काढणे हे अर्धेच काम असते. माझ्या बाबतीत त्या खुणेने फक्त नव्या लिस्टिंग थांबल्या. आधीच्या लिस्टिंग आपापल्या पाठवणी धोरणाला चिकटून राहिल्या आणि त्या एकगठ्ठा संपादनातून काढाव्या लागल्या. त्यानंतरही काही परत आल्या, तेव्हा लक्षात आले की मी लिस्टिंग ज्या साच्यातून तयार करतो त्या साच्यातच योजना शिरली होती. सगळे झाल्यावर खात्यातून बाहेर पडा, ब्राउझरच्या खासगी खिडकीत पाठवणीचा देश बदला आणि स्वतःच्या पाच-सहा वस्तू खरेदीदाराच्या नजरेने उघडून पाहा. सेटिंगचे पान काय म्हणते यापेक्षा तेथे काय दिसते ते खरे.

प्रतिसाद २

बाजारपेठांना ही घाई का झाली आहे, त्याची पार्श्वभूमी थोडक्यात देतो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या आयातीवरील मूल्यवर्धित कराची सूट काढून टाकली आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. लहान पार्सलावरही कर आधीच वसूल करून कागदपत्रे बिनचूक भरण्याची गरज वाढली, आणि हे काम हजारो विक्रेत्यांवर सोडण्यापेक्षा एका गोदामात करणे सोपे पडते. कारण समजण्यासारखे आहे, पण न विचारता नाव घालण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

धागाकर्ते युरोपीय संघात व्यवसाय करत असतील आणि तेथील ग्राहकांना विकत असतील, तर २०१९/११५० क्रमांकाची नियमावली जरूर पाहावी. ती १२ जुलै २०२० पासून लागू आहे. व्यावसायिक विक्रेत्यांसाठीच्या अटी बदलताना टिकाऊ माध्यमावर (म्हणजे जतन करता येईल अशा स्वरूपात, जसे ईमेल) किमान १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, अशी अपेक्षा तिच्यात आहे. दुर्दैवाने जाहिरातींच्या कप्प्यात पडलेले ईमेलही बहुधा सूचनाच ठरते, त्यामुळे या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये.

पेनांबाबत मात्र एक ठेच सांगतो. कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांच्या सेल्युलॉइड पेनाच्या शीर्षकात मी हौसेने ‘टॉर्टॉइज शेल’ असे लिहिले होते आणि पार्सल गोदामात अडकले. खऱ्या कासवपाठीसाठी ज्या कासवाची शिकार होत असे, ते हॉक्सबिल कासव साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या, परिशिष्टात आहे, त्यामुळे तपासणाऱ्याने थांबवले यात त्याची चूक नव्हती. वर्णनात ‘ठिपक्यांचे सेल्युलॉइड’ असे लिहिले असते तर वेगळाच प्रश्न आला असता, कारण सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, आणि ते चटकन पेट घेते. जुने पेन बोटाने जोरात घासले की कापराचा वास येतो तो त्यामुळेच. नाकारलेली वस्तू परत येते, विकली जाते की नष्ट केली जाते, हे कलम अटींमध्ये शोधाच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्रमांक लेबलावर शाबूत आहे, छायाचित्रे वजनासह घेतली आणि पार्सल आज सकाळी रवाना केले. एकगठ्ठा संपादनानंतर खासगी खिडकीत पाहिले, तर १४ पैकी ३ वस्तू अजूनही परदेशात जाताना दिसत होत्या. तिन्ही माझ्या जुन्या साच्यातून आलेल्या होत्या, म्हणून तो साचाच पुसून टाकला.

नाकारलेल्या वस्तूचे कलम सापडले. त्यात लिहिले आहे की अशी वस्तू ‘योजनेच्या विवेकानुसार’ हाताळली जाईल आणि विक्रेत्याला ऑर्डरची रक्कम मिळेल. पैसे मिळतील हे ठीक, पण ते पेन कुठे जाईल याचा उल्लेख नाही. सेल्युलॉइडचे पेन गोदामाने नाकारल्याचा आणि ते परत मिळवल्याचा अनुभव येथे कोणाला आहे का?