मदत हवी आहे: ऑपरेशननंतर मुलगा रात्री झोपत नाही, कोणती गाणी लावू?

शिरोळचा_बाबा (रात्री १२.४०)
मुलाच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले. परवा घरी आणलं. दिवसा बरा असतो, रात्री दिवा घालवला की रडायला लागतो. गाण्यांनी मुलांचं दुखणं हलकं होतं असं ऐकलं, म्हणून मोबाईलवर त्याचीच आवडती गाणी लावली, तर आणखी चिडला आणि मोबाईल ढकलून दिला. कोणती गाणी लावायची, किती वेळ? लवकर सांगा, बायको दोन रात्री जागी आहे.

रानजाई
वय किती? ऑपरेशन कसलं? टॉन्सिल, हर्निया, अपेंडिक्स? काहीच कळल्याशिवाय काय सुचवणार?

सूरदिवा
नीलांबरी राग लावा. कर्नाटक संगीतात अंगाईसाठी हा राग पिढ्यान्‌पिढ्या गातात. बासरी किंवा वीणा असू द्या, शब्द नकोत. माझी नात दहा मिनिटांत झोपायची.

पाटीपेन्सिल
काका, नातीचं ऑपरेशन झालं होतं का? शिकागोच्या लुरी मुलांच्या हॉस्पिटलमध्ये मोठी ऑपरेशनं झालेल्या ९ ते १४ वयाच्या ६० मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली छापून आलाय. काहींना अर्धा तास गाणी, काहींना गोष्टी ऐकवल्या, काहींना बाहेरचा आवाज अडवणारे नुसते हेडफोन दिले. गाण्यांनी दुखणं कमी झालं, गोष्टींनीही झालं, नुसत्या शांततेने नाही. शिवाय काय ऐकायचं ते मुलांनीच निवडलं होतं. रागाचा प्रश्नच नव्हता.

सूरदिवा
तिथे नीलांबरी लावली नाही म्हणून ती वाया गेली असं होत नाही. अंगाई आपल्याकडे शिकागोच्या आधीपासून आहे.

शिरोळचा_बाबा
वय ९. उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन. कृपया वाद नको, गाणी सांगा.

रानजाई
अहो, कानाचं आहे हे आधी सांगायचं! हेडफोन घातलेत का? मोबाईल कुठे ठेवता? झोपतो कोणत्या कुशीवर?

शिरोळचा_बाबा
हेडफोन नाही, डोक्याभोवती पट्टी आहे. डाव्या कुशीवर झोपतो, उजव्या कानावर झोपायचं नाही असं सांगितलंय. मोबाईल उशीशेजारी. ऐकू येत नाही म्हणाला म्हणून आवाज मोठा केला. गणपतीत नाचतो ती गाणी होती.

चिंचपेटी
माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालंय. उजव्या कानात पॅक, म्हणजे ऑपरेशननंतर भरलेला बोळा, आणि चांगला कान उशीत दाबलेला. मग त्याला गाणं कुठून ऐकू येणार? ढोलाचा दणका तेवढा पोचतो. पाठीवर झोपवा, डोक्याखाली दोन उश्या. आणि एकदा विचारा, कानात टकटक किंवा पाणी हलल्यासारखं होतंय का. कान भरत येताना असे आवाज येतात. घर शांत झालं की ते मोठे वाटतात. माझी लेक डोळे गच्च मिटून म्हणायची, "आई, आत कोणीतरी चालतंय." तिला गाणं नकोच होतं, दुसरा आवाज हवा होता. मी डाव्या बाजूला बसून हळू गोष्ट सांगायचे.

गोळीवेळ
गाणी नंतर. दुखण्याचं औषध रडल्यावर देता की वेळेवर? डॉक्टरांनी लिहिलेला रात्रीचा डोस झोपायच्या अर्धा तास आधी बसतो का बघा. ताप, उलटी, चक्कर वाढली किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं तर इथे विचारत बसू नका, ताबडतोब फोन करा. आणि नाक शिंकरू देऊ नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

मध्यमवर्गीय
मेडिक्लेममध्ये कानाचा पडदा बसतो का? माझ्या भाच्याचं करायचंय.

गोळीवेळ
बहुतेक पॉलिसींत डे-केअर यादीत, म्हणजे एका दिवसात घरी सोडतात त्या ऑपरेशनांच्या यादीत असतो. वेगळा धागा काढा.

शिरोळचा_बाबा (दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१५)
विचारलं. आत बेडूक उड्या मारतोय म्हणाला. तीन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, पुन्हा ऑपरेशन करतील या भीतीने. डोस उशिरा होत होता, तोही नीट केला. मोबाईल डाव्या बाजूला, दोन हातांवर ठेवला. माझी आई जयसिंगपूरहून फोनवर बोलत होती, गोष्टबिष्ट नाही, म्हैस व्याली त्याचं. रेडकू उभं राहायच्या आत झोपला. पहाटे चारला एकदा उठला, पाणी प्यायला, परत झोपला. चिंचपेटीताई, पॅक काढेपर्यंत तुमच्या मुलीला आवाज येत होते का? किती दिवस?

चिंचपेटी
काढल्यावरही थोडे दिवस होते. आजींना सांगा, आज दुधाचं बोला.